कोऱ्या डायपरची नक्षी

मोठ्या माणसांचा डायपर पाकिटातून काढला की आधी डोळ्यांत भरतो तो त्याचा दवाखानी पांढरेपणा. बाळांच्या डायपरवर ससे, ढग, हत्ती असं सगळं छापलेलं असतं, आणि बाळाला त्यातलं काही कळत नसतं. ज्याला कळतं त्या मोठ्या माणसाच्या वाट्याला मात्र कोरं प्लॅस्टिक. पाकिटावर तेवढे हसरे आजी-आजोबा. असे साधे, कोरे डायपर घरच्या घरी सजवायचे कसे, कशाने सजवायचे आणि हात कुठे आवरायचा, ते या लेखात सांगायचं आहे.

विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, हे मान्य. पण प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने, मणक्याला मार बसल्यावर, पार्किन्सनमध्ये, पक्षाघातानंतर, स्मृतिभ्रंशात डायपर घराघरांत येतो आणि राहतो. (लघवीवरचा ताबा सुटण्यामागे उपचार होण्यासारखं कारणही असू शकतं. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून डॉक्टरांना दाखवायचं राहून गेलं असेल तर ते आधी करा.) रोजच्या वापरातल्या प्रत्येक वस्तूला आपण आपला हात लावतो. पाण्याच्या बाटलीला विणलेलं कव्हर घालतो, चष्म्याच्या दोरीत मणी ओवतो, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा प्लॅस्टिकची पिशवी चढवतो. डायपर तेवढा सुटतो, कारण त्याच्याकडे बघायचंच नाही असं घराने न बोलता ठरवलेलं असतं. वापरणाऱ्याला मात्र त्याच्याकडे दिवसातून चार-पाच वेळा बघावंच लागतं.

तुम्ही स्वतःसाठीच हे करणार असाल तर हा परिच्छेद सोडून द्या. दुसऱ्यासाठी करणार असाल तर मार्कर उघडण्याआधी त्या माणसाला विचारा. ज्या सासऱ्यांनी पस्तीस वर्षं रेल्वेत नोकरी केली, त्यांना न विचारता कार्टूनचा स्टिकर लावलेला डायपर बांधला, तर ‘मला काय कुक्कुलं बाळ समजता?’ हा प्रश्न त्यांनी विचारलाच पाहिजे. कोरा डायपर परवडला, पण पोरकट डायपर लादलेला नको. स्मृतिभ्रंश असलेल्यांना मोकळा प्रश्न बऱ्याचदा झेपत नाही. दोन नमुने समोर धरा आणि हात कुठे जातो ते बघा. दोन्ही ढकलले, तर उत्तर मिळालं. नक्षी काढायचं काम त्या माणसाच्या हातून होण्यासारखं असेल तर तेच सगळ्यांत उत्तम, रेघ थोडी थरथरली म्हणून काय झालं?

डायपर आतून कसा असतो

सजावट फक्त बाहेरच्या बाजूला करायची, हे उघड आहे. पण का, ते कळलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. अंगाला लागणारा थर न विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनचा. त्याच्याखाली लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात मिसळलेले सोडियम पॉलिॲक्रिलेटचे कण. हे कण शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषतात, लघवीतल्या क्षारांमुळे मात्र त्याहून बरंच कमी. ओले झाले की ते फुगून जेली होतात आणि त्यांना फुगायला जागा लागते. सगळ्यांत बाहेर पॉलिथिनची पातळ फिल्म, आणि कित्येक डायपरमध्ये तिच्यावर आणखी एक कापडासारखा मऊ थर.

ही फिल्म काही डायपरांत साध्या पिशवीच्या प्लॅस्टिकसारखीच असते, पण चांगल्या डायपरात तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूच्या जातीची, पूड मिसळून ती ताणलेली असते. त्यामुळे तिला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. त्यांतून वाफ बाहेर जाते, पाणी जात नाही. आपण बाहेरून जे काही लावू ते ही छिद्रं बुजवतं. म्हणून पहिला हिशेब असा: बाहेरच्या बाजूचा मोठा भाग मोकळा राहिला पाहिजे. उन्हाळ्यात विदर्भात किंवा दमट हवेत कोकणात तर अगदी थोडक्यात भागवा. त्वचा घामट राहिली की लाली, मग पुरळ, मग जखम हा प्रवास फार लवकर होतो.

आणखी तीन जागा सोडायच्या. पोटावरची ती रुंद पट्टी, जिच्यावर बाजूचे टेप चिकटतात. तिच्यावर रंग किंवा स्टिकर आला की टेप धरत नाही. दुसरी जागा मधल्या उभ्या रेघेची. बऱ्याच डायपरवर एक पिवळी रेघ असते आणि आतून ओलं झालं की ती निळी-हिरवी होते. ती झाकली तर बदलायची वेळ झाली हे उघडून बघावं लागेल. तिसरी जागा मांड्यांच्या कडेची झालर. तिच्यात इलॅस्टिक असतं आणि गळती अडवायचं काम तिचं.

काय चिकटतं, काय निघून येतं

पॉलिथिनला सहसा काही चिकटत नाही. कारखान्यात छपाईआधी फिल्मवर विजेचा झोत सोडून तिचा पृष्ठभाग शाई धरण्याजोगा करतात, ते आपल्याला घरी जमणारं नाही. म्हणून मुलांच्या कंपासातले पोस्टर कलर, स्केचपेन, वॉटर कलर विसरा. ते थेंब होऊन गोळा होतात आणि वाळले तरी पापुद्रे सुटतात. रबरी शिक्क्याच्या पॅडची शाई फिल्मवर वाळतच नाही आणि नंतर चादरीवर उमटते. ॲक्रिलिक रंग लावताना छान दिसतो, पण डायपर घडी होताना तडकतो.

फिल्मवर चालतो तो पर्मनंट मार्कर, म्हणजे स्पिरिटची शाई असलेला, ज्याने आपण सीडीवर किंवा लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यावर लिहितो तो. डायपर पूर्ण उघडून पाट किंवा पुठ्ठ्यावर पसरा, बाहेरची बाजू वर. टोक हलक्या हाताने फिरवा. बारीक टोकाचा मार्कर जोर देऊन दाबला तर फिल्म फाटते, म्हणून मध्यम जाडीचा घ्या. मोठे भाग भरीव रंगवू नका, रेघांची नक्षी काढा. शाई कमी लागते, छिद्रं कमी बुजतात आणि दिसतंही नेटकं. रंगवलेले डायपर रात्रभर पंख्याखाली, उघड्या हवेत ठेवा. स्पिरिटचा वास पूर्ण गेल्याशिवाय ते अंगावर चढवायचे नाहीत.

वापरण्याआधी एक परीक्षा घ्या. जुना पांढरा रुमाल नक्षीवर जोरात घासा. मग त्याच रुमालाला खोबरेल तेलाचं बोट लावून पुन्हा घासा. आपल्याकडे अंथरुणावरच्या माणसाला तेल चोळण्याची पद्धत आहे आणि तेलाने भलेभले मार्कर सुटतात. रुमालाला रंग आला तर तो मार्कर या कामाचा नाही. तेलामुळे डायपरचे टेपही नीट धरत नाहीत, तेव्हा मालिश आणि डायपर यांच्यात थोडा वेळ जाऊ द्या किंवा तेल टिपून घ्या.

कापडासारखा बाह्यथर असेल तर शाई थोडी पसरते. तिथे बारीक वेलबुट्टीच्या भानगडीत न पडता जाड ठिपके, पट्ट्या, चौकटी काढाव्यात. पॅंटसारखे वर ओढून घालायचे डायपर सजवायला सगळ्यांत कठीण. ते कमरेभोवती सगळीकडून ताणतात, त्यामुळे काढलेलं फूल घातल्यावर भलतंच काहीतरी होतं आणि स्टिकर तर पहिल्या ताणाला सुटतो. टेपवाले घ्या.

मला स्वतःला सगळ्यांत आवडणारी युक्ती औषधाच्या दुकानात मिळते. जखमेवरची पट्टी चिकटवायला जी पांढरी कागदी सर्जिकल टेप वापरतात, ती एक किंवा दोन इंच रुंदीची आणा. ही टेप हवा जाऊ देते, तिचा चिकटा त्वचेसाठीच बनवलेला असतो आणि तिच्यावर मार्कर सुंदर उमटतो. दुधाच्या पिशवीचं धुतलेलं प्लॅस्टिक किंवा फाइलचं कव्हर टेबलावर पसरून त्यावर टेपचे तुकडे लावा, त्यांवर आरामात चित्र काढा, वाळवा, कात्रीने आकार कापा आणि मग डायपरवर चिकटवा. चित्र बिघडलं तर टेपचा तुकडा गेला, तीस-चाळीस रुपयांचा डायपर वाचला. हाताला कंप असलेल्या माणसाला ही पद्धत सोयीची, कारण कागदावर काढल्यासारखं काढता येतं. शिवाय पाच-सहा जणांचं घर असेल तर नातवंडांपासून सगळ्यांना एकेक तुकडा देता येतो आणि डायपरला हात न लावताच काम होतं.

कागदी स्टिकर चालतात, छोटे आणि मोजके. प्लॅस्टिकचे चकचकीत स्टिकर टाळा. त्यांच्या कडा ताठ असतात आणि मांडीला घासतात. ग्लिटर अजिबात नको. ते डायपरवरून चादरीवर, चादरीवरून त्वचेच्या घड्यांत जातं, आणि जांघेतून चमकी वेचण्याचं काम कोणावर येऊ नये.

इस्त्रीने चिकटणारे छाप डायपरवर लावायचा मोह होईल, तो आवरा. साध्या पॉलिथिनची फिल्म 110 अंशांच्या आसपास वितळते, आणि सुती कापडासाठी तापवलेली इस्त्री 200 अंशांच्या घरात असते. हेअर ड्रायरने शाई लवकर वाळवण्याचाही उद्योग नको. सुई-दोरा, स्टेपलर, टाचणी हे तर विचारातही आणू नका. एक टोचा म्हणजे गळतीची एक जागा. स्प्रे पेंट, थिनर, नेलपॉलिश यांतली द्रावणं फिल्मला इजा करू शकतात आणि त्वचेला नक्कीच करतात.

पाठ कोरी ठेवा

जो माणूस दिवसाचा बराच वेळ आडवा असतो, त्याच्या डायपरची मागची बाजू पूर्ण कोरी राहिली पाहिजे. माकडहाडाजवळच्या त्वचेवर शरीराचा भार सतत पडतो आणि दाबाच्या जखमा तिथेच आधी होतात. टेपचा जाड थर, स्टिकरची कड, टिकली, मणी, लेस यांतली कुठलीही उंचवट्याची गोष्ट तिथे धोक्याची. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांनाही हेच लागू, आणि मणक्याच्या दुखापतीत तर जास्तच, कारण टोचलेलं जाणवत नाही. नक्षी पुढे, टेपची पट्टी सोडून, बेंबीच्या खालच्या बाजूला, किंवा कमरेच्या पुढच्या दोन्ही कडांना काढावी. तसंही, घालणाऱ्याला तीच बाजू दिसते.

स्मृतिभ्रंश असलेली माणसं सुटं काहीतरी दिसलं की ते सोलत बसतात, कधी तोंडात घालतात. त्यांच्यासाठी फक्त मार्करच्या रेघा, काहीही चिकटवलेलं नको. आणि सोलण्याची सवय असेल तर फिल्मही फाटते, आतली जेली बाहेर येते. अशा वेळी सजावट डायपरवर करूच नये. त्यावर उपाय पुढे येतो आहे.

नवीन मार्कर किंवा टेप वापरल्यावर पहिल्या एक-दोन वेळा डायपर बदलताना मांड्या, पोट, कंबर उजेडात बघा. लाली दिसली तर सजावट थांबवा, ती दोन दिवसांत गेली नाही तर दाखवून घ्या. दुसरी गोष्ट सांगायला थोडी मजेशीर, पण घडणारी: चार तास खपून काढलेला मोर आहे म्हणून डायपर बदलायला उशीर करायचा नाही. शौच झालं की लगेच, नाहीतर ओला झाला की बदला. मोर पुन्हा काढता येतो.

नक्षी जी काम करते

ज्या घरांत नर्सिंग ब्यूरोच्या मावशी येतात, त्यांची पाळी बदलते, रात्री मुलगा बघतो आणि दुपारी शेजारच्या काकू, तिथे खुणांची नक्षी फार उपयोगी पडते. रात्रीच्या जास्त शोषणाऱ्या डायपरवर चंद्रकोर, दिवसाच्या डायपरवर सूर्य. पुढची बाजू कोणती हे घाईत कळत नाही, तिथे एक ठसठशीत फूल. घरात आजी आणि आजोबा दोघंही वापरत असतील आणि मापं वेगळी असतील, तर मीडियमवर एक पट्टी, लार्जवर दोन. मावशींना वाचता येत असो वा नसो, चित्र सगळ्यांना कळतं आणि ‘हा कुणाचा गं?’ असं खोलीच्या दारातून ओरडून विचारावं लागत नाही. हा फायदा मला नक्षीच्या सौंदर्याहून मोठा वाटतो.

बाकी चित्रं कोणती काढायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. पैठणीच्या काठातली मुनिया, कोयऱ्या, ठिपक्यांची साधी रांगोळी, वारलीच्या त्रिकोणांची माणसं आणि झाडं, सगळं रेघांत बसतं. शब्दकोड्याची रिकामी चौकट एखाद्या निवृत्त मास्तरांना आवडेल. क्रिकेटवेड्याला स्टंप. विनोदी मजकूर लिहायचा तर तो घालणाऱ्याने स्वतःवर केलेला विनोद असावा, दुसऱ्याने त्याच्यावर केलेला नको. एक गोष्ट मात्र आपल्याकडे ध्यानात ठेवायलाच हवी. रांगोळीच्या तयार छापांत स्वस्तिक, गोपद्म, लक्ष्मीची पावलं, शंख हे सर्रास असतात. हौसेच्या भरात तो छाप उचलला जातो आणि जन्मभर देवपूजा केलेल्या आजींना त्याने काय वाटेल हे लक्षात येत नाही. देवाधर्माची चिन्हं, ओव्या, अभंग यांतलं काहीही इथे नको. कुणा जिवंत माणसाचं नाव किंवा फोटोही नको.

छाप हवेच असतील तर जुनी एक्स-रे फिल्म बाहेर काढा. अशा घरात ती असतेच. तिच्यावर आकार काढून धारदार कटरने कापला की उत्तम स्टेन्सिल होतं, ते भिजत नाही आणि पुसून पुन्हा वापरता येतं.

खरी हौस असेल तर कव्हर शिवा

आता मनातलं सांगते. दररोज चार-पाच डायपर रंगवणं हे कुणाकडून फार दिवस होत नाही. सणाला, वाढदिवसाला, दवाखान्यातून घरी आल्यावर एखादा डायपर सजवावा, ते शोभतं. रोजच्यासाठी डायपरवरून घालायचं कापडी कव्हर शिवावं. ते धुता येतं, त्यावर इस्त्री चालते, सुई चालते, भरतकाम चालतं, आणि सोलणाऱ्या हातांपासून डायपरचं रक्षणही होतं. साडी किंवा लुंगीखाली कव्हर घातलं की प्लॅस्टिकची चुरचुर ऐकू येत नाही. पाहुण्यांत बसणाऱ्या माणसाला या आवाजाचा किती संकोच वाटतो, हे त्यालाच विचारा.

घरी शिवलेल्या कव्हरला मोठी परंपरा आहे. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या बाईंनी 1946 मध्ये न्हाणीघराचा पडदा कापून शिलाई मशीनवर बाळाच्या लंगोटासाठी जलरोधक कव्हर शिवलं, पुढे ते नायलॉनच्या पॅराशूटच्या कापडाचं केलं. 1949 मध्ये ते न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अव्हेन्यू या दुकानात विकायला आलं आणि 1951 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्यांच्या कव्हरला पाणी अडवायचं होतं, कारण आत सुती लंगोट होता. आपल्या कव्हराला ते काम नाही, आतला डायपर ते करतो. म्हणून प्लॅस्टिकचं अस्तर, रेक्झिन, मेणकापड यांतलं काही लावू नका. नुसतं सुती कापड घ्या, नाहीतर घामाचा त्रास दुप्पट होईल.

44 इंच पन्ह्याचं 1 मीटर पॉपलिन किंवा केंब्रिक एका कव्हराला पुरतं, आणि आतल्या बाजूला तेवढंच मऊ झालेल्या जुन्या सुती साडीचं अस्तर. दोन्ही कापडं आधी धुऊन आटवून घ्या. नवी खणाची पट्टी किंवा इरकलचा काठ लावायचा असेल तर तो रंग सोडतो का ते वेगळ्या पाण्यात बघा. मुंबईत मंगळदास मार्केटला कापड आणि भुलेश्वरला लेस, काठ, वेलक्रो सगळं मिळतं. पुण्यात त्यासाठी रविवार पेठ आहेच.

बेतायला सोपी पद्धत अशी. एक नवा डायपर वर्तमानपत्रावर पूर्ण उघडून ठेवा, मांड्यांच्या इलॅस्टिकमुळे तो आखडतो म्हणून चारी कोपऱ्यांवर वाट्या किंवा पुस्तकं ठेवून ताठ करा. बाहेरून पेन्सिल फिरवा. त्या रेघेच्या बाहेर सगळीकडून 3 सेंटीमीटर वाढवा म्हणजे डायपर पूर्ण झाकला जाईल, आणि शिलाईसाठी आणखी दीड सेंटीमीटर. मागच्या बाजूचे दोन पंख पुढे येऊन पोटावर बसतात, ते डायपरच्या पंखांपेक्षा 8 ते 10 सेंटीमीटर लांब ठेवा. कापड आणि अस्तर कापून घ्या, पण इतक्यात जोडू नका. भरतकाम किंवा रंगकाम वरच्या कापडावर आधी करायचं, म्हणजे दोऱ्याच्या गाठी दोन थरांच्या मध्ये राहतात, अंगाच्या किंवा डायपरच्या बाजूला येत नाहीत.

मग दोन्ही सुलट्या बाजू आत ठेवून टीप मारा, पुढच्या कमरेशी हात जाईल एवढी जागा मोकळी सोडा, उलटवा, तोंड बंद करा. मांडीच्या गोलाईला उरेब पट्टी लावली तर ती छान बसते. तिच्यातून बारीक इलॅस्टिक घालायचं तर अगदी सैल: कव्हर घातल्यावर मांडी आणि कड यांच्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. घट्ट कव्हर ही सगळ्यांत वाईट गोष्ट. आतल्या कणांना फुगायला जागा मिळत नाही, दाबाने ओलावा बाजूने बाहेर येतो आणि दोष डायपरला दिला जातो. मधल्या भागात मूठभर ढिलाई हवीच.

वेलक्रोची मऊ बाजू पुढच्या भागावर, 20 सेंटीमीटर तरी आडवी, म्हणजे पोट कमी-जास्त असलं तरी जुळतं. खरखरीत बाजू मागच्या पंखांच्या आतल्या टोकांना. हे टोक पोटाच्या पुढे आलं पाहिजे. कुशीवर झोपल्यावर ते कमरेच्या हाडाखाली येता कामा नये. उभं राहू शकणाऱ्या माणसाला नाडी जास्त आवडते, तर नाडी लावा. टिच बटणं, हूक, झिप नकोत.

आता या कव्हरवर मनसोक्त खेळा. फॅब्रिक कलर घ्या आणि डबीवर लिहिल्याप्रमाणे वाळवून उलट बाजूने इस्त्री करून पक्के करा. भेंडीचं देठाकडचं टोक आडवं कापून रंगात बुडवलं की पाच पाकळ्यांचं फूल उठतं. बटाट्यावर कोयरी कोरता येते. लाकडी ठसे असतील तर उत्तमच, फक्त टेबलावर आधी घोंगडी किंवा जाड चादर घाला, नाहीतर ठसा अर्धा उठतो. भरतकामात साखळी टाका आणि धावदोरा यांनी बराच भाग भरतो आणि ते सपाट बसतात. गोधडीसारखा धावदोरा पाठीचा भाग सोडून बाकी कव्हरवर घातला तर दोन्ही थरही एकमेकांना धरून राहतात. आरसे, टिकल्या, जर यांना इथे जागा नाही. पाठीच्या भागाला फक्त छपाई, टाका एकही नको. वर सांगितलं ते माकडहाड इथेही आहे.

तीन-चार कव्हरं असली की फिरवाफिरव होते. ओलं झालं तर आधी गार पाण्यात खळबळून काढा, मग साबणाच्या पाण्यात, वेलक्रो मिटवून. ते उघडं राहिलं की बाकीच्या कपड्यांना ओरखडतं. उन्हात उलटं वाळत घाला, रंग टिकतो. पावसाळ्यात दोन थरांचं कव्हर लवकर वाळत नाही, तेव्हा जून ते सप्टेंबर एकाच थराची, कडा दुमडलेली कव्हरं वापरा.

ठेवणं आणि टाकणं

सजवलेले डायपर दमट कपाटात उघडे ठेवले तर आतले कण हवेतली ओल ओढून घेतात. एका आठवड्यापुरतेच रंगवा, सपाट थर लावून मूळ पाकिटात किंवा झाकणाच्या डब्यात ठेवा, नक्षीवर नक्षी येणार नाही असे. घडी करताना शाई पूर्ण वाळलेली हवी, हे पुन्हा सांगायला हरकत नाही.

वापरून झालेला डायपर टाकताना शौच आधी शौचालयात टाका, डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळून त्याच्याच टेपने बंद करा. तो जाळू नका आणि शौचालयात तर मुळीच टाकू नका, तो फुगतो आणि नळी बंद करतो. डायपर कागदात किंवा पिशवीत नीट बांधून, ओल्या कचऱ्यात न मिसळता द्यायचा असतो. तुमच्या नगरपालिकेने वेगळी पद्धत सांगितली असेल तर ती पाळा. कागदी टेपची चित्रं जपून ठेवायची हौस असेल तर ती डायपर वापरण्याआधीच काढून वहीत लावा, नंतर नाही.

पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने वापरलेला डायपर वर्तमानपत्रात बांधून त्या पुडक्यावर लाल ठिपका काढायची पद्धत लोकांना सांगितली. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला लाल ठिपका दिसला की ते उघडावं लागत नाही. तुमच्या गावात ही पद्धत नसली तरी सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि लाल मार्कर आता घरात आहेच. गोल मोठा, भरीव आणि दोन्ही बाजूंना काढा. इथे नक्षी नको.